बीआयएफआर ते एनसीएलटी : कंपनी सावरण्याच्या कामात पिढ्यागणिक नेमकं काय बदललं?

नवखा_आरपी :

नमस्कार मंडळी. दिवाळखोरी संहितेची परीक्षा देऊन आरपी (रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणजे अडचणीतली कंपनी हाताळणारा व्यावसायिक) म्हणून नोंदणी झालेल्या आमच्या पिढीला कलमं पाठ असतात, पण आजच्या एनसीएलटीच्या (कंपनी न्यायाधिकरणाच्या) आधी, बीआयएफआर या आजारी कंपन्यांच्या मंडळाच्या काळात, काम कसं चालायचं हे तुकड्यातुकड्यांतच कानावर येतं. कुणी म्हणतं, ‘तेव्हा फाईल दिल्लीला लावली की काही वर्षं चिंता नाही.’ कुणी म्हणतं, ‘खरी पुनर्रचना सीडीआरमध्ये व्हायची, आता नुसता लिलाव.’ (सीडीआर म्हणजे बँकांनी मिळून केलेली कर्ज-पुनर्रचना.)

म्हणून एक काल्पनिक खातं मांडतो. शिरोलीसारख्या एमआयडीसीतली फौंड्री, प्रायव्हेट लिमिटेड, १४० कामगार, उलाढाल ७० कोटी, उद्यम (सूक्ष्म-लघू-मध्यम उद्योगाची) नोंदणी आहे.

बँक ‘अ’चं मुदत कर्ज १४ कोटी (त्यात थकलेलं व्याज ९० लाख). सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) मर्यादा १६ कोटी, प्रत्यक्ष येणं १९.५ कोटी, ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी यांच्या आधारावर उचलता येणारी रक्कम) जेमतेम ११ कोटी. सीसीतले ६.१ कोटी बँक ‘अ’चे, १३.४ कोटी बँक ‘ब’चे. म्हणजे एकूण ३३.५ कोटींत ‘अ’ ६० टक्के, ‘ब’ ४० टक्के. पुरवठादारांचे ७ कोटी. भरणा भांडवल आणि मुक्त राखीव निधी मिळून ९ कोटी, साचलेला तोटा ६.५ कोटी. संचालकांची वैयक्तिक हमी दोन्ही बँकांना दिलेली.

हीच फाईल १९९५, २०१० आणि आज अशा तिन्ही काळांत टेबलावर आली तर जाणकार माणूस काय करेल? आकड्यांनिशी सांगितलंत तर उपकार होतील.

टॉल्स्टॉय_मार्ग :

१९९५ चं मी सांगतो. सीडीआरचं कुणी दुसरं सांगेल.

आधी पार्श्वभूमी दोन ओळींत. सत्तरच्या दशकात आजारी कारखाना म्हणजे सरकारने ताब्यात घ्यायची गोष्ट होती. १९७१ ला कलकत्त्यात औद्योगिक पुनर्रचना महामंडळ निघालं, १९७४ च्या कायद्याने १०३ कापड गिरण्या राष्ट्रीयीकृत होऊन एनटीसीकडे (राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे) गेल्या. हे परवडेना. तिवारी समितीचा अहवाल आला आणि आजारी औद्योगिक कंपन्यांचा १९८५ चा कायदा झाला, म्हणजे आपला ‘सिका’. बीआयएफआरचं काम मे १९८७ पासून सुरू झालं, दिल्लीच्या टॉल्स्टॉय मार्गावर, जवाहर व्यापार भवनात. मुंबई-पुण्याच्या फायलींनाही तारखेसाठी तिथेच जावं लागे.

आता तुमची फौंड्री. पहिला प्रश्न असा की ती कायद्याच्या भाषेत ‘आजारी’ आहे का? १९९३ च्या दुरुस्तीनंतरची व्याख्या अशी : कंपनी नोंदून किमान पाच वर्षं झालेली आणि साचलेला तोटा नक्त मूल्याइतका (भरणा भांडवल अधिक मुक्त राखीव निधी) किंवा जास्त. तुमचं नक्त मूल्य ९ कोटी, तोटा ६.५ कोटी. म्हणजे ७२ टक्के झीज. ५० टक्क्यांवर झीज गेली की कलम २३ खाली कळवायचं एवढंच, संरक्षण काही नाही. दार उघडायला अजून अडीच कोटींचा तोटा हवा.

आणि तेव्हाच्या सल्लागाराचं निम्मं कसब इथेच खर्ची पडायचं. ग्रॅच्युइटीची तरतूद वर्षानुवर्षं केलेली नसायची, ती एका वर्षात करायची. जुने पॅटर्न, पडून असलेलं कास्टिंग भंगाराच्या भावाने दाखवायचं. तीन वर्षं न आलेली येणी बुडीत धरायची. जमिनीचं पुनर्मूल्यांकन केलेलं असलं तरी अडचण नाही, तो निधी नक्त मूल्यात धरत नसत. अडीच कोटी असे सहज ‘घालवता’ यायचे. यातल्या बऱ्याच तरतुदी खरं तर आधीच व्हायला हव्या होत्या, त्यामुळे ऑडिटरही खळखळ करत नसे.

पुढे ताळेबंद मंजूर झाल्यापासून ६० दिवसांत कलम १५ चा संदर्भ दाखल करायचा. नोंदणी होऊन कलम १६ ची चौकशी सुरू झाली की कलम २२ चं छत्र मिळे : वसुलीचा दावा, जप्ती, तारणाची विक्री, हायकोर्टातला अवसायनाचा (कंपनी गुंडाळण्याचा) अर्ज, सगळं मंडळाच्या परवानगीशिवाय ठप्प. त्याच दुरुस्तीनंतर हमीदारावरचा दावाही त्यात आला. म्हणजे संचालकाचा फ्लॅटसुद्धा छत्राखाली. कारखाना प्रवर्तकाच्याच ताब्यात. ‘उद्योग आजारी, उद्योगपती ठणठणीत’ असं म्हणत ते यामुळेच.

मग आयडीबीआयसारखी एखादी संस्था कार्यवाहक नेमली जायची. ती पुनर्वसन योजनेचा खर्च आणि त्याच्या पैशाची सोय यांचा तक्ता करायची, दहा वर्षांत नक्त मूल्य पुन्हा वर येईल असं दाखवायची. खरी मेख कलम १९ मध्ये होती. ज्याच्याकडून सवलत हवी त्या प्रत्येकाची संमती लागायची, ६० दिवसांत, फार तर आणखी ६० दिवसांत. बहुमत हा प्रकारच नव्हता. तुमच्या ‘ब’ बँकेने नाही म्हटलं की योजना अडली. विक्रीकर खातं, वीज मंडळ, कर्मचारी राज्य विमा, सगळ्यांच्या दारात जावं लागे. शेवटी मंडळ कलम २० खाली ‘गुंडाळावी’ असं मत हायकोर्टाला कळवायचं आणि लिक्विडेटर येईपर्यंत मोटरींचं तांबंही शिल्लक नसायचं.

एक योजना फसली तरी पुढच्या वर्षीच्या ताळेबंदावर नवा संदर्भ टाकता यायचा. ‘काही वर्षं चिंता नाही’ म्हणतात ते यामुळे.

सीसी_आणि_सोबती :

टॉल्स्टॉय सरांचं वर्णन चोख आहे. फक्त एक जोडतो : सिका फक्त औद्योगिक कंपन्यांना होता, लघुउद्योग त्यातून वगळलेले होते. व्यापारी कंपनी, हॉटेल, सेवा देणारी कंपनी यांना ते दारच नव्हतं.

२०१० च्या आधी दोन खिळे ठोकले गेले होते. १९९३ च्या कायद्याने कर्जवसुली न्यायाधिकरणं आली, पण सिकाच्या कलम २२ पुढे ती थांबायची. २००२ च्या सरफेसीने मात्र बँकेला कोर्टाशिवाय तारण ताब्यात घ्यायची सोय दिली : १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, मग १३(४). आणि महत्त्वाचं म्हणजे मूल्याने तीन-चतुर्थांश तारणधारक धनकोंनी १३(४) ची पावलं उचलली की बीआयएफआरमधला संदर्भच गळून पडायचा. तिथून प्रवर्तक बँकेशी बोलायला खाली येऊ लागले.

सीडीआर ऑगस्ट २००१ ची. हा कायदा नव्हता, बँकांचा आपसातला करार होता. एकापेक्षा जास्त बँका आणि एकूण येणं १० कोटींवर (आधी २० कोटी) असलं की खातं घेता यायचं. मूल्याने ७५ टक्के आणि संख्येने ६० टक्के बँका हो म्हणाल्या की बाकीच्यांना बंधन. संमती सर्वांची नको, हा पहिला मोठा फरक. तुमच्या खात्यात दोनच बँका असल्याने तो फायदा शून्य, ‘ब’शिवाय ७५ टक्के होतच नाहीत.

काम असं चालायचं. आधी कट-ऑफ तारीख ठरवायची. मग सीसी फोडायची : येणं १९.५, ड्रॉइंग पॉवर ११, म्हणजे ८.५ कोटींना मालाचा आणि येण्यांचा आधारच नाही. ते ८.५ कोटी खेळत्या भांडवलाचं मुदत कर्ज म्हणून वेगळे काढायचे (डब्ल्यूसीटीएल). मुदत कर्जाचं थकलेलं ९० लाख व्याज आणि सवलतीच्या काळातलं पुढचं व्याज, याचं वेगळं कर्ज (एफआयटीएल). उरलेलं १३.१ कोटी मुद्दल नव्या हप्त्यांत. सीसी ११ वर नियमित. चारही खात्यांचा व्याजदर खाली, वर्ष-दोन वर्षं मुद्दलाला सुट्टी. सगळी विक्री एका ट्रस्ट अँड रिटेन्शन खात्यात यायची आणि तिथून ठरलेल्या क्रमाने वाटली जायची.

व्यवहार्यतेची कसोटी कागदावर कडक होती. कर्जफेडीचं प्रमाण, म्हणजे डीएससीआर, पाच वर्षांत १.२५ च्या वर आणि दरवर्षी १ च्या वर. गंमत अशी की एक्सेलचा तक्ता उलट्या बाजूने भरला जायचा. आधी १.२५ लिहायचं, मग त्याला पुरेल इतकी विक्री मागे मागे बसवत यायचं. कास्टिंगचा भाव, विजेचा दर आणि वाहन कंपन्यांची मागणी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी अनुकूल धरलेला टीईव्ही (तांत्रिक-आर्थिक व्यवहार्यता) अहवाल दिसला की समजावं.

प्रवर्तकाचा वाटा : २०१३ पासून बँकांच्या त्यागाच्या २० टक्के किंवा पुनर्रचित कर्जाच्या २ टक्के, जे जास्त असेल ते. समजा दर घटवल्याने बँकांचा त्याग आजच्या मूल्यात ३ कोटी. २० टक्के म्हणजे ६० लाख. ३३.५ कोटींचे २ टक्के म्हणजे ६७ लाख. तर ६७ लाख आणावे लागणार. यात फसवणूक कुठे व्हायची? नातेवाइकांची आधीचीच असुरक्षित कर्जं भागभांडवलात वळवून ‘वाटा आणला’ म्हणायचं. रोकड एक रुपया येत नसे आणि फौंड्रीला पिग आयर्न घ्यायला रोकडच लागते.

मग बँका हे का चालवून घ्यायच्या? पुनर्रचना केली की खातं ‘स्टँडर्ड’च राहायचं, तरतूद नाममात्र. ही मुभा रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१५ पासून काढून घेतली आणि त्याच वर्षी मालमत्ता गुणवत्ता तपासणी झाली. सीडीआरचा प्राण त्या मुभेत होता.

मधल्या काळातल्या एसडीआर (२०१५, ५१ टक्के भाग घ्या नि १८ महिन्यांत नवा मालक शोधा) आणि एस४ए (२०१६, किमान निम्मं कर्ज पेलण्याजोगं असेल तरच) या योजना तुमच्या आकाराच्या खात्याला जवळपास गैरलागू. फेब्रुवारी २०१८ च्या परिपत्रकाने त्या रद्दही झाल्या.

कलम_तीस :

आजचं मी मांडते. सगळ्यात आधी एक गैरसमज. लोक रिझर्व्ह बँकेचं जून २०१९ चं परिपत्रक काढून ‘३० दिवस आढावा, १८० दिवस अंमल’ असं सरसकट सांगतात. ते सक्तीचं वेळापत्रक तारखेनिशी लागू केलं होतं ते १,५०० कोटी आणि वरच्या खात्यांना. ३३.५ कोटींच्या फौंड्रीला त्यातलं लागतं ते पुनर्रचनेच्या वर्गवारीचं प्रकरण : पुनर्रचना केली की खातं खाली घसरणार आणि वर यायला वेळ लागणार. ढोबळ नियम असा की मुद्दल आणि भांडवलात टाकलेलं व्याज यांच्या किमान १० टक्के फेड व्हायला हवी, आणि एक वर्षाच्या आत तर नाहीच. म्हणजे इथे ३.३५ कोटी फेडल्याशिवाय एनपीएचा शिक्का पुसत नाही. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या पुनरुज्जीवनाची जी समिती-पद्धत आहे ती २५ कोटींपर्यंतच, त्यामुळे तीही हुकली.

म्हणून आज पहिलं काम ताळेबंदाकडे बघण्याचं नाही, दिवस मोजण्याचं आहे. हप्ता ३० दिवसांपर्यंत थकला तर एसएमए-० (एसएमए म्हणजे एनपीए होण्याआधीचं ‘विशेष लक्ष’ खातं), ३१ ते ६० एसएमए-१, ६१ ते ९० एसएमए-२. सीसी मर्यादेवर सलग ३० दिवसांहून जास्त राहिली तरी एसएमए-१. पाच कोटींवरचं खातं म्हणजे ही माहिती क्रिलिकमधून (रिझर्व्ह बँकेच्या मोठ्या कर्जांच्या माहितीसाठ्यातून) सगळ्या बँकांना दिसते, ‘ब’ला कळू न देता ‘अ’शी बोलणी हे आता होत नाही. आणि नोव्हेंबर २०२१ पासून एनपीए झालेलं खातं सगळी थकबाकी भरल्याशिवाय वर येत नाही. आधी एक हप्ता भरून महिनाअखेर सावरायची सवय होती ती मोडली.

तर एसएमए-१ मध्येच, तीन पानांचा कागद घेऊन दोन्ही बँकांसमोर एकत्र बसायचं. तेरा आठवड्यांचा रोकडप्रवाह, आठवड्यागणिक. कुठली येणी खरी, कुठली वादातली. कुठली जमीन-मशिनरी विकता येते. दहा वर्षांचा तक्ता कुणी वाचत नाही.

एनसीएलटीत गेलं तर काय हाती लागेल याचं गणित बोलण्याआधी मांडून ठेवा. कारण बँकही तेच मांडते. समजा लिक्विडेशनमध्ये १६ कोटी येतात. प्रक्रियेचा खर्च १ कोटी, उरले १५. कामगारांचं २४ महिन्यांचं देणं समजा १.५ कोटी. संहितेच्या कलम ५३ प्रमाणे ते तारणधारक बँकांच्या ३३.५ कोटींसोबत बरोबरीने वाटून घेतं. एकूण ३५ कोटींचे हक्कदार आणि १५ कोटी रुपये. कामगारांना सुमारे ६४ लाख, बँकांना १४.३६ कोटी, म्हणजे ४३ टक्के. पुरवठादारांच्या ७ कोटींना शून्य. एकरकमी तडजोडीचा आकडा १४.३६ च्या खाली घेऊन गेलात तर शाखा व्यवस्थापक चहा पाजून परत पाठवतो. २० च्या आसपास, सहा-नऊ महिन्यांत, २० टक्के आगाऊ, असं काही असेल तर फाईल वर जाते.

बोलणी फिसकटली तर संहितेचं कलम ७, म्हणजे बँकेचा एनसीएलटीत अर्ज. थकबाकीची किमान मर्यादा मार्च २०२० पासून १ कोटी. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला (नुसता दाखल झाल्यावर नाही) की कलम १४ चा स्थगिती-काळ, संचालक मंडळाचे अधिकार निलंबित, कारखाना आरपीच्या हातात. टॉल्स्टॉय सरांच्या काळाशी खरा फरक हा. स्थगिती तेव्हाही होती, आजही आहे. तेव्हा ती प्रवर्तकाचं रक्षण करायची, आता ती कारखान्याचं करते आणि प्रवर्तक बाहेर उभा असतो.

सीओसीतली, म्हणजे धनकोंच्या समितीतली, मतं : योजना मंजूर व्हायला ६६ टक्के (जून २०१८ आधी ७५), रोजच्या निर्णयांना ५१, अर्ज मागे घ्यायला ९०. तुमच्या ‘अ’चे ६० टक्के असल्याने रोजचं सगळं ‘अ’ चालवेल, पण योजना ‘ब’शिवाय मंजूर होणार नाही. चाळीस टक्के हे छोटं मत नाही, ते कुलूप आहे. संचालकांच्या नातेवाइकांनी कर्ज दिलेलं असेल तर ते संबंधित पक्ष, त्यांना मत नाही. मुदत १८० अधिक ९० दिवस, कोर्टबाजी धरून ३३०. प्रत्यक्षात ती किती पाळली जाते हे कफ परेडच्या, म्हणजे मुंबईच्या एनसीएलटीच्या, पायऱ्या चढणाऱ्यांना सांगायला नको.

तुमच्या फौंड्रीला एक खिडकी उघडी आहे. सूक्ष्म-लघू-मध्यम उद्योग असल्याने कलम २४०अ मुळे २९अ ची (योजना कोण देऊ शकत नाही हे सांगणाऱ्या कलमाची) (ग) आणि (ज), इंग्रजीत सी आणि एच, ही बंधनं, म्हणजे एनपीए खातं आणि बजावलेली हमी, प्रवर्तकाला आडवी येत नाहीत. तो स्वतः योजना देऊ शकतो. पण त्याला ‘हेतुपुरस्सर थकबाकीदार’ ठरवलं असेल तर ती खिडकीही बंद. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हरिबाबू थोटा प्रकरणात उद्यम प्रमाणपत्र योजना देण्याच्या तारखेला असलं तरी चालेल असं धरलं. तरी प्रमाणपत्र आत्ताच तपासून घ्या, उलाढालीचे आकडे जुने असतात आणि समोरचा स्पर्धक नेमकं त्यावरच बोट ठेवतो.

प्री-पॅक (धनकोंशी आधीच ठरवून आणलेली योजना) २०२१ पासून आहे. थकबाकी १० लाखांपासून, १२० दिवस, ताबा प्रवर्तकाकडेच. तरी कुणी फारसं वापरत नाही. दाखल करण्याआधीच ६६ टक्के धनकोंची संमती लागते. ती मिळत असेल तर बँक म्हणते, मग तडजोडच करू की.

नवखा_आरपी :

ताई, सर, मनापासून आभार. सीसी फोडण्याचं गणित आज पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. दोन उपप्रश्न. एक, हमीदार संचालकाला आज खरंच काहीच छत्र नाही? दोन, कामगारांची बाजू वर फक्त ६४ लाखांच्या एका ओळीत आली. बीआयएफआरमध्ये ती जास्त बळकट होती का?

टॉल्स्टॉय_मार्ग :

हमीचं थोडक्यात. कलम १४(३) प्रमाणे कंपनीची स्थगिती हमीदाराला लागू नाही. कंपनी एनसीएलटीत असताना बँक त्याच्या राहत्या घरावर सरफेसी चालवू शकते. कलम ९५ चा अर्ज पडला की मात्र त्या दिवसापासून कलम ९६ ची अंतरिम स्थगिती सुरू होते. अर्ज बँकही करू शकते, कलम ९४ खाली तो स्वतःही करू शकतो. म्हणून आजकाल घराच्या ताब्याची तारीख जवळ आली की ९४ चे अर्ज दिसतात. जुन्या कलम २२ चीच सवय, नव्या कपड्यांत. न्यायाधिकरणं ते ओळखून आहेत, त्यावर फार विसंबू नका.

याहून मोठी चूक दुसरीच असते. खातं डगमगायला लागलं की संचालक आधी मेव्हण्याचे, भावाचे पैसे परत करतो. सिकाच्या काळात हे कुणी क्वचितच उकरायचं. आता आरपीला कलम ४३ खाली ते बघावंच लागतं : संबंधित पक्षाला मागच्या दोन वर्षांत आणि इतरांना एका वर्षात दिलेलं झुकतं माप उलटवता येतं. व्यवहार फसवणुकीचा ठरला तर कलम ६६ आहेच. फौंड्रीचं खातं एसएमए-१ ला असताना मेव्हण्याचे ४० लाख दिले असतील तर ती ओळ फॉरेन्सिक अहवालाच्या पहिल्या पानावर येणार.

कामगार_दप्तर :

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, आणि वरच्या सूराशी थोडा असहमत आहे.

बीआयएफआर म्हणजे नुसती चालढकल, हे बँकेच्या खुर्चीतून दिसणारं चित्र. तिथे संघटनेला सुनावणीत बोलता यायचं आणि योजनेत कामगारांचा करार हा भाग असायचाच. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८८ मध्ये बीआयएफआरच्या योजनेतून कामगारांच्या ताब्यात गेली. हे आज कुठल्या सीओसीपुढे मांडून बघा!

पण याच मंडळाच्या आडून मुंबईच्या गिरण्यांचं काय झालं हेही सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ चा संप, अडीच लाख कामगार. त्यानंतर अनेक गिरण्या आजारी म्हणून बीआयएफआरमध्ये गेल्या. पुनर्वसनाचा पैसा कुठून? जमीन विकून. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ मध्ये एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेला मालकाला अशी वाटणी होती. २००१ च्या बदलाने ती वाटणी फक्त मोकळ्या जागेवर आणली, बांधकामाखालची जमीन सुटली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. तेव्हा पुनर्रचनेच्या फाईलमध्ये चात्या किती याला अर्थ उरला नव्हता, चटईक्षेत्र किती हा प्रश्न होता. सल्लागारही बदलले : कापड तंत्रज्ञाच्या जागी वास्तुविशारद आला.

आता आजचं काम. कामगारांनी दावा करायचा तो नमुना ‘ड’ मध्ये, सगळ्यांचा मिळून अधिकृत प्रतिनिधीमार्फत करायचा तर नमुना ‘इ’. इंग्रजी अक्षरं डी आणि ई, मराठी वर्णक्रम धरू नका. या गोंधळात चुकीचा नमुना भरलेला पाहायला मिळतो. हंगामी आरपीच्या नेमणुकीपासून तीन दिवसांत जाहीर सूचना, १४ दिवसांत दावा. उशिराचाही घेतात, पण मर्यादेपर्यंतच. संघटना स्वतः कलम ९ चा (कार्यरत धनकोंचा, म्हणजे पुरवठादार-कामगारांसारख्यांचा) अर्ज करू शकते, जेके जूट मिलच्या २०१९ च्या निकालापासून हे पक्कं आहे. मत मात्र नाही. कार्यरत धनकोंचं येणं एकूण देण्याच्या १० टक्के असलं तर प्रतिनिधी बैठकीला बसतो, ऐकतो, बोलतो. हात वर करू शकत नाही.

‘६४ लाख’ या आकड्यात एक गोष्ट राहिली. भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम कलम ३६ प्रमाणे लिक्विडेशनच्या मालमत्तेत येतच नाही. ती कलम ५३ च्या रांगेत उभी राहत नाही, बाहेरून आधी जाते. फौंड्रीने कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ दहा महिने भरला नसेल तर योजना देणाऱ्याने तो पूर्ण धरायलाच हवा. न धरलेली योजना पुढे अडकते. जेट एअरवेजमध्ये पीएफ-ग्रॅच्युइटीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

ग्रॅच्युइटीत एक खोच : वेगळा निधी किंवा एलआयसीची पॉलिसी असेल तर भक्कम. नुसती ताळेबंदात तरतूद असेल तर हक्क आहे पण बाजूला काढलेला पैसा नाही. टॉल्स्टॉय सर म्हणाले तशी एका वर्षात ‘तरतूद’ करून आजारी ठरलेल्या कंपन्यांत पैसा कुठे होता?

सीसी_आणि_सोबती :

दप्तर साहेबांचा मुद्दा मान्य, कमानीचं उदाहरण विसरायला नको.

जेटचं नाव निघालं म्हणून एक जोड. त्यात योजना जून २०२१ मध्ये एनसीएलटीने मंजूर केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लिक्विडेशनचा आदेश दिला. मधल्या काळातला एक मोठा वाद असा : ३५० कोटींच्या पहिल्या हप्त्यातले १५० कोटी बँक गॅरंटीतून वळते धरायचे का. म्हणजे योजना लिहिताना ‘रक्कम अमुक टप्प्यांत’ एवढ्यावर थांबू नका. कुठल्या खात्यात, कुठल्या तारखेला, कुठली पूर्वअट पुरी झाल्यावर, ती अट कुणी पुरी करायची, आणि गॅरंटी हप्त्यात धरायची की नाही, हे सगळं लिहा. सीडीआरच्या मास्टर करारात हे पन्नास पानांत असायचं, आम्ही कंटाळायचो. आता वाटतं, ती पानं जपून ठेवायला हवी होती.

आणि फौंड्रीपुरतं : आरपी आला की पहिल्या आठवड्यात वीज. मागची थकबाकी दावा म्हणून नोंदायची, पण स्थगितीच्या काळातलं चालू बिल भरावंच लागतं, फौंड्रीत वीज हाच उत्पादनाचा कच्चा माल असल्यासारखी आहे. इंडक्शन भट्टीत धातू वितळलेला असताना पुरवठा तुटला तर तो आतच गोठतो, अस्तर जातं, बऱ्याचदा कॉइलही. म्हणून ताबा घेण्याची वेळ शिफ्टच्या शेवटी, भट्टी रिकामी झाल्यावर ठेवा, आणि बँकांकडून चालू खर्चाच्या हंगामी कर्जाचं पत्र त्याआधी हातात घ्या.

कलम_तीस :

त्या पत्राबद्दल एक सूचना. हंगामी कर्ज प्रक्रियेच्या खर्चात मोडतं, म्हणजे कलम ५३ मध्ये सगळ्यात वर. माझ्या गणितातला १ कोटीचा खर्च २ झाला तर वाटायला १४ कोटीच उरतात : बँकांचे १४.३६ चे १३.४० कोटी होतात, कामगारांचे ६४ चे ६० लाख. ‘ब’ बँक त्याला मत द्यायला नाखूश असते ती त्यामुळे. तिला दोन आकडे शेजारी दाखवावे लागतात : भट्टी चालू असताना कारखान्याला येणारा भाव आणि बंद पडल्यावरचा भंगाराचा भाव.